चंद्राची विसारपावती

आमचा मेव्हणा जमिनीच्या व्यवहारात आहे. जमीन त्याची नसते, घेणाऱ्याची अजून झालेली नसते आणि विकणाऱ्याची आहे की नाही यावर तीन सख्ख्या भावांचं एकमत नसतं. या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून दोन टक्के घेणं, याला तो व्यवहार म्हणतो.

परवा रविवारी तो पोहे खायला आला तेव्हा मी त्याच्यापुढे एक सौदा टाकला. घेणार नासा. माल चंद्रावरची माती.

"किती माल?" त्याने विचारलं. पोह्यांतले शेंगदाणे वेचायचं काम चालूच होतं.

"पन्नास ते पाचशे ग्रॅम."

"दर?"

"एका कंपनीने एक डॉलर लावलाय."

"ग्रॅमला?"

"सगळ्याला."

शेंगदाणा हातातच राहिला. "माल पोचवायचा कुठे?"

"कुठेच नाही. माती चंद्रावरच राहणार. कंपनीने यंत्र पाठवायचं, चिमूटभर माती उचलायची, फोटो काढायचा, कुठली ते कळवायचं आणि जागच्या जागी मालकी नासाच्या नावे करून द्यायची."

"आणि विसार?"

"दहा टक्के करार होताना. दहा टक्के यान उडाल्यावर. उरलेले ऐंशी माल ताब्यात आल्यावर."

"म्हणजे दहा सेंट विसार." इतका गंभीर तो स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता. "दाजी, हे साठेखत झालं, खरेदीखत नाही. मोजणी झालीय का? हद्दीचा दगड कुठे लागलाय?"

मला काही सांगता आलं नाही.

सौदा मात्र खरा आहे. डिसेंबर २०२० मध्ये नासाने असे चार करार केले. कोलोरॅडोच्या लूनर आउटपोस्टने एक डॉलरची बोली लावली, जपानच्या आयस्पेसने पाच हजारांची, तिच्याच युरोपातल्या शाखेने आणखी पाच हजारांची आणि कॅलिफोर्नियाच्या मास्टेन स्पेस सिस्टिम्सने पंधरा हजारांची. बेरीज २५,००१ डॉलर. तो शेवटचा 'एक' पाहून आपल्याकडचा माणूस आहेराचं पाकीट समजेल.

नासा मातीसाठी अडून बसलेली नव्हती. अपोलोच्या सहा खेपांनी आणलेले ३८२ किलो दगड-माती अर्ध्या शतकाहून अधिक काळ तिच्याकडे सांभाळून ठेवलेले आहेत. तिला विकत घ्यायचा होता तो पायंडा. १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. २०१५ साली अमेरिकेने कायदा करून टाकला की जमीन कुणाचीच नाही हे खरं, पण तिच्यातून आमचा माणूस जे उकरील ते त्याचं. २०१७ साली लक्झेंबर्गनेही तसाच केला. हा देश गोव्याहून लहान आहे. जागेची किंमत अशांनाच कळते. थोडक्यात काय, रान गावकीचं, ऊस तोडील त्याचा. पण नुसता कायदा छापून भागत नाही, एखादा तरी व्यवहार झालेला दाखवावा लागतो, म्हणजे पुढच्यांना त्याच्याकडे बोट दाखवता येतं. ती नोंद एका डॉलरात पडत असेल तर तलाठ्यालाही लाज वाटेल इतकी स्वस्त.

(आपलं विचाराल, तर चंद्र हा साऱ्या मानवजातीचा वारसा आहे असं सांगणाऱ्या करारावर भारताने १९८२ साली सही केली, तो मंजूर करायचं तेवढं राहिलं. जून २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्या आर्टेमिस करारांवरही सही केली. त्यात म्हटलंय की उकरून काढणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलच्या जेवणांना हजर राहणारे मतदार आमच्याही गावात आहेत. ते कधी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही.)

आता चार करारांची हकिगत.

पंधरा हजारवाल्या मास्टेनने जुलै २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दिला. तिची मालमत्ता ॲस्ट्रोबोटिक नावाच्या कंपनीने घेतली. या ॲस्ट्रोबोटिकचं पेरेग्रीन यान जानेवारी २०२४ मध्ये उडालं, काही तासांत त्याचं इंधन गळायला लागलं आणि दहा दिवसांनी ते पॅसिफिकवर जळून संपलं. त्यात मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने पाठवलेले पाच चिमुकले रोबो होते. बशीएवढा एकेक, वजन साठ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका अंड्याएवढं. चंद्रावर विखरून टाकायचे आणि मग त्यांनी आपले आपण एकमेकांना शोधून जोडून घ्यायचं, असा बेत होता. अंड्याएवढ्या पाच गड्यांना जे जमणार होतं ते आमच्याकडे तीन सख्ख्या भावांना सातबाऱ्यावर जमत नाही. पण गडी पोचलेच नाहीत.

आयस्पेसचं पहिलं यान एप्रिल २०२३ मध्ये चंद्रावर उतरू लागलं. एका विवराच्या कडेवरून जाताना खालची जमीन एकाएकी तीन किलोमीटर खोल गेली. उंची मोजणाऱ्या उपकरणाने तसं इमानेइतबारे कळवलं. संगणक म्हणाला, एवढा फरक कसा पडेल, हेच बिघडलेलं दिसतंय. आणि त्याने उपकरणाचं ऐकणं सोडून दिलं. मग आपण जमिनीला टेकायच्या बेतात आहोत या समजुतीने यान पाच किलोमीटर उंचीवर तरंगत राहिलं. इंधन संपलं तेव्हा जमीन खरोखर कुठे आहे ते कळलं. उपकरण खरं बोलत होतं. वरिष्ठांच्या अंदाजाशी ते जुळत नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा. सरकारी नोकरी केलेल्या वाचकाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

दुसरं यान जून २०२५ मध्ये उतरायला गेलं. त्यात युरोपच्या शाखेने बनवलेली पाच किलोची गाडी होती, तिला फावडं होतं आणि एका स्वीडिश कलाकाराने केलेलं लाल रंगाचं छोटंसं घर होतं. प्लॉट ताब्यात नाही, पण घर तयार. या मंडळींनी मागे कधीतरी आमच्या मेव्हण्याकडून काहीतरी घेतलेलं असणार. या वेळी अंतर मोजणाऱ्या लेझरचं उत्तर यायला उशीर झाला. यान आदळलं. घर, फावडं, गाडी, सगळं एकाच हप्त्यात.

राहिला एक डॉलर. लूनर आउटपोस्टची गाडी अथीना नावाच्या यानातून गेली. ६ मार्च २०२५ रोजी अथीना चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं आणि एका विवरात आडवं झालं. चार मीटरहून उंच, शिडशिडीत यान. अथीना बनवणाऱ्या कंपनीचं आधीचं यानही वर्षापूर्वी असंच कलंडलं होतं. एकदा पडलं तर अपघात म्हणतात, दुसऱ्यांदा पडलं तर सवय. आतली गाडी बाहेरच येऊ शकली नाही. करारातल्या अटी धरल्या तर विसाराचे दहा सेंट आणि उड्डाणाचे दहा सेंट मिळून वीस सेंट होतात. ऐंशी सेंट येणं.

करार ज्या महिन्यात झाले त्याच महिन्यात चीनचं चांग-ई ५ चंद्रावरून १,७३१ ग्रॅम माती घेऊन परतलं. २०२४ मध्ये चांग-ई ६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम आणली. पावती नाही, विसार नाही.

"तो रोखीचा व्यवहार," मेव्हणा म्हणाला. "त्यात आम्हाला काही सुटत नाही."

आमच्या गावी बोअर घ्यायची तर आधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरतो आणि खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. आमचा नारळ बांधाजवळ उभा राहिला. "दीडशे फुटांवर दोन इंची पाणी," असं म्हणून त्याने दक्षिणा घेतली. बोअरची गाडी आली, दीडशे झाले, दोनशे झाले, तीनशेवर आम्ही हात जोडले. वर आला तो नुसता फुफाटा. शेजारणीचे वाळत घातलेले पापड पांढरे झाले. फुटाचा मीटर तेवढा चालू होता. पाणाड्याला गाठलं तर तो शांतपणे म्हणाला, "पाणी आहे. तुमची बोअर वीतभर सरकली."

चंद्रावरच्या पाण्याचे आकडे वाचताना मला ती वीत आठवते.

पाणी आहे, यात वाद नाही. त्याचा छडा लावण्यात आपला वाटा मोठा आहे आणि त्याचा अभिमान मी हात राखून मिरवणार नाही. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून सुटलेलं एक खोकं पंचवीस मिनिटांत दक्षिण ध्रुवाजवळ जाऊन आदळलं. आदळेपर्यंत त्यातलं 'चेस' नावाचं उपकरण वाटेतली विरळ हवा हुंगत होतं आणि त्याला पाण्याचा वास लागला होता. पण जगाला बातमी कळली ती सप्टेंबर २००९ मध्ये, त्याच चांद्रयानावर पाहुणं म्हणून बसलेल्या अमेरिकी एम-थ्री या उपकरणाच्या नावाने. चेसचा शोधनिबंध छापून आला तोवर आरती होऊन प्रसाद वाटला गेला होता. असो. घरचं नाक आणि पाहुण्याचा डोळा दोघांनी सांगितलं ते एकच: चंद्राच्या मातीत पाणी आणि त्याचा चुलतभाऊ हायड्रॉक्सिल आहेत.

मग ९ ऑक्टोबर २००९ रोजी नासाने रिकाम्या रॉकेटचा टप्पा कॅबियस नावाच्या कायम अंधारातल्या विवरात फेकून मारला आणि जे उडालं ते मोजलं. सुमारे १५५ किलो पाणी. तिथल्या मातीत वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास. धोंडा मारून पाहणं ही संशोधनाची पद्धत मला मनापासून आवडते, तिच्यात ढोंग नाही. पण ही एक बोअर झाली. एका बोअरवरून अख्ख्या तालुक्याचा पाणीसाठा काढून त्याच्या भरवशावर रॉकेटचे पेट्रोलपंप रंगवणारे लोक जगात आहेत. नारळ उभा राहिला की त्यांना कारंजं दिसतं.

खरं काय ते कळायला खोदावं लागतं. अथीनावर त्यासाठी ट्रायडंट नावाचं मीटरभर खोल जाणारं ड्रिल होतं आणि निघालेला चुरा हुंगायला एक वर्णपटमापी. यान आडवं पडल्यावरही अभियंत्यांनी ड्रिल पूर्ण बाहेर काढलं, मागे घेतलं, सगळे सांधे हलवून पाहिले. उत्तम चालत होतं. फक्त त्याच्या तोंडासमोर जमीन नव्हती, आकाश होतं. हुंगणाऱ्या यंत्राला मात्र वास आला. तपासल्यावर तो बहुधा यानाच्याच इंधनाचा निघाला. सकाळी आंघोळीला दांडी मारलेल्या माणसाने पंक्तीत बसून विचारावं, हा वास कसला, तसं झालं. पण ही गोष्ट नासाने स्वतःच जाहीर करून टाकली. पाणाड्याने त्या वासाचेही पैसे घेतले असते.

याच जातीचं ड्रिल व्हायपर नावाच्या गाडीला लावलेलं आहे. गोल्फच्या गाडीएवढी, ४३० किलोची ही गाडी दक्षिण ध्रुवावरच्या अंधाऱ्या विवरांत शिरून बर्फ शोधणार होती. गाडी बांधून झाली. ४५ कोटी डॉलर खर्च झाले. जुलै २०२४ मध्ये नासाने सांगितलं, रद्द. पुढचे पैसे वाचवायचे आहेत. बरं, गाडी नेणाऱ्या यानाचं काय? ते जाईल, असं ठरलं, गाडीऐवजी तेवढ्या वजनाचा ठोकळा घेऊन. नवरदेव घरी, घोड्यावर धोंडा आणि वरात वेळेवर! त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा निर्णय फिरला: गाडी जाणार, ब्लू ओरिजिनच्या यानातून, २०२७ च्या अखेरीस. एवढी वळणं घेऊन एखादं चाक अजून चंद्राला लागायचं आहे.

खोदण्याचा विषय निघालाच आहे तर मंगळावरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण या सगळ्या धंद्यातलं माझं सर्वांत लाडकं पात्र तिच्यात आहे. इनसाइट यान नोव्हेंबर २०१८ मध्ये मंगळावर उतरलं. त्याच्याबरोबर जर्मन लोकांनी बनवलेला एक हातभर लांबीचा खिळा होता. पोटात हातोडा, स्वतःच स्वतःला ठोकत पाच मीटर खोल जायचं आणि मंगळाच्या पोटातली ऊब मोजायची. जमीन पोखरणाऱ्या प्राण्यावरून त्याचं नाव ठेवलं 'मोल'. नाव ठेवणाऱ्यांत मराठी माणूस नसणार, नाहीतर मातीत जाणाऱ्या यंत्राला त्याने हे नाव कदापि लावू दिलं नसतं.

फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस ठोकाठोकी सुरू झाली. थोडासा आत गेला आणि अडला. पृथ्वीवर ज्या वाळूवर सराव केला ती खिळ्याला धरून ठेवायची. मंगळाची माती गठ्ठे होऊन बाजूला उभी राहिली आणि खिळ्याभोवती पोकळी झाली. पकड नाही म्हटल्यावर हातोडा जेवढा पुढे ढकलायचा तेवढाच मागे उसळायचा. मग यानाच्या हातावरचं फावडं आणून त्याला बाजूने दाबलं. हलला! सगळे खूश. आणि ऑक्टोबरमध्ये एके दिवशी तो निम्माअर्धा बाहेरच येऊन बसला. पुन्हा दाबला, वरून दाबला, भोवती माती लोटली. कोट्यवधी किलोमीटरवरून, एकेका आज्ञेला काही मिनिटं वाट पाहत, जवळपास दोन वर्षं जगातले हुशार लोक एक खिळा ठोकत होते. ९ जानेवारी २०२१ रोजी शेवटचे पाचशे घाव घातले. खिळा जेमतेम जमिनीच्या पातळीखाली गेला होता. त्याचं डोकं मातीखाली दोन-तीन सेंटिमीटर. तिथेच हातोडा खाली ठेवला.

भिंतीत खिळा ठोकताना प्लास्टर पडलं म्हणून बायकोने सुनावलेलं मी विसरलेलो नाही. पण तिने जर्मन अवकाश संस्थेचं उदाहरण ऐकून घेतलं नाही.

गंमत अशी की ठोकण्याच्या या घराण्याचं नशीबच खोटं. २०१४ साली धूमकेतूवर उतरलेल्या फिलीच्या यंत्रालाही तिथल्या कडक थरात आपला खिळा घुसवता आला नव्हता. आणि मग ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या विक्रमने काय केलं? एक सुई काढली. तिच्यावर तापमान मोजणारी दहा टिपकी ओळीने बसवलेली. उपकरणाचं नाव 'चेस्ट'. सुई ठोकली नाही. मोटरने हळूहळू दाबत, आजी वाकळेतून दाभण काढते तशी, दहा सेंटिमीटर आत घातली. झालं काम. पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर तापलेला आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. चार बोटांच्या माळ्यावर मे महिना आणि तळघरात फ्रीज. पुढे २०२५ मध्ये छापलेल्या निबंधात याहून भारी गोष्ट आली. सुई जिथे रुतली तिथला जरासा सूर्याकडे झुकलेला उतार ८२ अंशांपर्यंत तापला होता, आणि मीटरभर बाजूच्या सपाट जागी तापमान ५९ च्या आसपास. एका ढांगेत तेवीस अंशांचा फरक. उतार सूर्याकडे पाठ करून पुरेसा चढा असेल तर ध्रुवापासून बऱ्याच अलीकडेही थोड्याशा खोलीवर बर्फ टिकत असेल, असा त्याचा अर्थ.

म्हणजे वीतभर सरकण्याने खरंच फरक पडतो. पाणाड्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. पैसे परत मागायचे ते मागायचेच आहेत.

प्रज्ञान गाडीचंही तसंच. २६ किलो, सहा चाकं, सेकंदाला एक सेंटिमीटर. २७ ऑगस्टला समोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तर मुकाट्याने मागे फिरून दुसरी वाट धरली. हे दृश्य मी आमच्या रस्त्यावरच्या दुचाकीस्वारांना दाखवणार आहे. दहाएक दिवसांत शंभर मीटरभर चालून तिने तेवीस ठिकाणी मातीची परीक्षा केली, लेझरचा ठिपका मारून गंधक असल्याचं नक्की केलं. गंधक! दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर चंद्रावर सोनं सापडल्याचा निरोप फिरला. खाली तीन जणांचे नमस्कार आणि एकाने विचारलं होतं, चोवीस कॅरेट का? गाडीने सोन्याचं नावही काढलं नव्हतं. तिने कळवलं ते एवढंच की या भागातली माती सगळीकडे जवळजवळ सारखी आहे आणि एके काळी चंद्रावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता या समजाला ती पुष्टी देते. धंद्याच्या दृष्टीने शून्य. मला तर असं वाटायला लागलंय की या सबंध व्यवहारात खरं बोलतं ते हेच पाच-पंचवीस किलोचं लोखंड. कारण त्याला बाजारभाव कुणी सांगितलेला नसतो.

बाजारभाव सांगणाऱ्यांची जमात वेगळी. सायकी नावाचा लघुग्रह घ्या. तो धातूचा आहे असं धरून कुणीतरी त्याचा भाव काढला : एकावर एकोणीस शून्यं, इतके डॉलर. साऱ्या जगाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या लाखपट. हा भाव आजच्या दराने. असा माल उतरल्यावर दर राहील का, हे लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लावलेल्या कुणालाही विचारा. बरं, सायकी निव्वळ धातूचा नसावा असं अलीकडची निरीक्षणं म्हणतात, आणि नासाचं यान तिथे पोचणार २०२९ मध्ये. शून्यं मात्र आधीच पोचलीत.

लघुग्रह खणायला २०१२ मध्ये गाजावाजा करून पुढे आलेली प्लॅनेटरी रिसोर्सेस, जिच्यात गुगलच्या बड्यांचे पैसे होते आणि लक्झेंबर्गच्या सरकारचेही, ती २०१८ मध्ये एका ब्लॉकचेनवाल्या कंपनीने विकत घेतली. जो धातू कुणी पाहिलेला नाही तो शोधणाऱ्यांना, जो पैसा कुणी पाहिलेला नाही तो बनवणाऱ्यांनी घेतलं. इतकं अनुरूप स्थळ पत्रिका जुळवूनही मिळत नाही. दोन वर्षांत अवजारांचा लिलाव झाला. अथीनाच्याच रॉकेटवरून ॲस्ट्रोफोर्ज कंपनीचं ओडिन नावाचं यान एका लघुग्रहाची पाहणी करायला निघालं. थोड्याच वेळात त्याचा फोन लागेना.

आणि हेलियम-३. चंद्रावर खच पडलाय म्हणतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने इंटरलून कंपनीकडून २०२९ पर्यंत चंद्रावरचा तीन लिटर हेलियम-३ घ्यायचं २०२५ मध्ये ठरवलं. तीन लिटर वाचून तुमच्या डोळ्यापुढे दुधाचा कॅन आला असेल, तर हा वायू आहे. तीन लिटरचं वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. चंद्राच्या टनभर मातीत हा काही मिलिग्रॅम असतो. कित्येक ट्रॉल्या माती भाजायची आणि चिमूटभर हवा घरी आणायची. आमच्याकडे याला डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणत, पण उंदराला निदान वजन असतं.

त्यापेक्षा मंगळावरचा मॉक्सी बरा. पर्सिव्हरन्स गाडीच्या पोटात बसवलेलं हे यंत्र मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून प्राणवायू काढायचं. २०२३ पर्यंत सोळा वेळा चाललं, एकूण १२२ ग्रॅम काढला. नासाने स्वतः हिशेब देऊन टाकला : एका छोट्या कुत्र्याला दहा तास पुरेल एवढा. मला हा हिशेब वाचून भरून आलं. कोट्यवधी डॉलरचं यंत्र, अपेक्षेच्या दुप्पट वेगाने चाललेलं, तरी मिशीला पीळ नाही. सांगितलं काय, तर एक कुत्रं, दहा तास. आमच्या मेव्हण्याने ही जाहिरात केली असती तर 'मंगळावर प्रशस्त, हवेशीर'.

हे सगळं ऐकेपर्यंत त्याचा दुसरा चहा झाला होता. "ते राहू द्या दाजी," तो म्हणाला, "माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत. हद्दीचा दगड?"

आणि मला एकदम आठवलं. विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ मध्ये झोपले ते उठलेच नाहीत. सुई, लेझर, कॅमेरे, सगळं बंद. पण विक्रमच्या माथ्यावर नासाने दिलेली एक वाटी आहे, पाच सेंटिमीटर रुंद, तिच्यात आठ काचेचे लोलक. वीज नको, बॅटरी नको. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने शंभर किलोमीटरवरून तिच्यावर लेझरची तिरीप टाकली. उजेड सरळ परत आला. आपण नक्की कुठे आहोत ते मोजायला पुढच्या यानांना ही खूण वर्षानुवर्षं चालेल.

मेव्हण्याने बशी पुढ्यात ओढली आणि उरलेला शेंगदाणा तोंडात टाकला.

"दगड लागलाय म्हणता," तो म्हणाला. "गट नंबर काय?"